मिसिसिपीच्या बांधावरून

टोपलीत ओली माती आहे आणि ती जड आहे. तुमच्या पुढे माणसांची रांग आहे, मागेही आहे, आणि सगळे एका वाढत चाललेल्या टेकाडाकडे निघालेत. काळ आजपासून सुमारे ३,४०० वर्षांपूर्वीचा. जागा आजच्या लुइझियाना राज्याच्या ईशान्य कोपऱ्यातली. हजारो वर्षांनी तिला ‘पॉव्हर्टी पॉइंट’ असं नाव पडेल. इथं कुणी शेती करत नाही. मासे, हरणं, रानातली कठीण कवचाची फळं यांवर ही माणसं जगतात. तरीही त्यांनी एकात एक असे सहा अर्धवर्तुळाकार वरंबे रचलेत आणि त्यांच्या मागे बहात्तर फूट उंचीची टेकडी उभी राहते आहे. चाकाची गाडी नाही, ओझं वाहणारं जनावर नाही. सगळी माती माणसांनी वाहिलेली.

टोपली रिकामी करा, खाली उतरा आणि पायाखाली एखादा दगड सापडतो का बघा. नाही सापडणार. भाल्याच्या टोकाला लागणारा दगडसुद्धा इथं शेकडो मैलांवरून होडीतून येतो. म्हणून तर चुलीशी बसलेली ती बाई मातीचा गोळा मुठीत दाबते आहे. तिच्या बोटांच्या खाचा गोळ्यावर तशाच राहतात. असे बरेच गोळे ती विस्तवात तापवते, खड्ड्यात टाकते, त्यांच्यावर मासे ठेवते आणि खड्डा झाकून टाकते. ते गोळे आज संग्रहालयात आहेत, आणि त्यांवरच्या बोटांच्या खाचाही अजून दिसतात.

दगड नाही, कारण ही जमीन नदीने आणून टाकलेली आहे. रॉकी पर्वतापासून अॅपलाचियन डोंगरांपर्यंत, आजच्या एकतीस राज्यांतलं पाणी मिसिसिपी गोळा करते आणि त्याबरोबर त्या राज्यांची मातीही आणते. हजारेक वर्षं ती एका बाजूने समुद्राला मिळते. तिथं गाळ साचून वाट लांबली की जवळची वाट शोधते आणि दुसरीकडे नवी जमीन घालायला लागते. दक्षिण लुइझियानाचा बहुतेक भाग गेल्या सात हजार वर्षांत असाच तयार झाला. उत्तरेला पाइनच्या टेकड्या आहेत, तिथं राज्यातला सर्वांत उंच माथा आहे, ड्रिस्किल, ५३५ फुटांचा. तिथून दक्षिणेकडे उतरत गेलात की शेवटी जमीन कुठं संपते आणि पाणी कुठं सुरू होतं हे सांगता येत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. लुइझियाना दोघांनी बांधलं: या नदीने आणि इथं धरून आणलेल्या माणसांनी. दोघांचंही देणं या राज्याने आजवर चुकतं केलेलं नाही. पुढे तुम्ही जिथं जिथं उभे राहाल तिथं हे दोघे तुम्हाला भेटणार आहेत.

आता १७१८ साल. छत्तीस वर्षांपूर्वी ला साल नावाचा फ्रेंच प्रवासी होड्या घेऊन नदीच्या मुखाशी पोचला, आणि या नदीला मिळणारा सगळा मुलूख त्याने चौदाव्या लुईचा म्हणून जाहीर करून टाकला. राज्याचं नाव त्या राजावरून आलं. तिथं आधीपासून राहणाऱ्या चिटिमाचा, हौमा, नॅचेझ लोकांना कुणी विचारलं नव्हतं. आता बिएनव्हील हा फ्रेंच अधिकारी नदीच्या एका वळणावर सायप्रसची झाडं तोडून शहराची जागा मोकळी करवतो आहे. नदीकडे पाठ करा आणि चालू लागा. उतार लागतो. आणखी चाला, पाय चिखलात रुततात. आणखी थोडं गेलात की कमरेइतकं पाणी. या मुलखात नदीचा काठ हीच सगळ्यांत उंच जागा. पुराचं पाणी काठ ओलांडतं तेव्हा जड गाळ आधी काठावरच पडतो, हलका गाळ पुढे दलदलीत जातो. असं हजारदा झालं की काठ उंच होतो. न्यू ऑर्लिन्सचा हा उतार लक्षात ठेवा. तीनशे वर्षांनी कुणाचं घर बुडणार आणि कुणाचं कोरडं राहणार, हे तो ठरवणार आहे.

पुढच्याच वर्षी, १७१९मध्ये, पश्चिम आफ्रिकेहून पहिली मोठी गुलामवाहू जहाजं येतात. कप्तानांना हुकूम होता की भाताचं बियाणं आणा आणि भात लावायला येणारी माणसंही आणा. म्हणजे तुमच्या शेजारी फावडं घेऊन उभ्या असलेल्या माणसाला या दलदलीचं काय करायचं ते मालकापेक्षा जास्त कळतं. पाणी कधी घ्यायचं, कधी अडवायचं, बांध किती रुंद धरायचा, हे त्याच्या गावी बापजाद्यांपासून चालत आलेलं ज्ञान आहे. १७२७पर्यंत शहरासमोर मैलभर लांबीचा मातीचा बांध उभा राहतो. पुढे नदीच्या दोन्ही काठांनी जे बांध गेले त्यांची सुरुवात इथं आहे, आणि ती गुलामांच्या हातची आहे. बांध घातल्याने शेत वाचतं, पण गाळ शेतात येत नाही. नदी तो उचलते आणि थेट समुद्राकडे घेऊन जाते. त्या दिवशी हे नुकसान कुणालाच दिसत नाही.

पुढची काही वर्षं भराभर ओलांडू. १७६२मध्ये फ्रान्सने ही वसाहत स्पेनला देऊन टाकली. कॅनडातून इंग्रजांनी हुसकून लावलेले फ्रेंच भाषक अकेडियन इथं येऊन बायूंच्या, म्हणजे संथ पाण्याच्या फाट्यांच्या काठाने वसले. आजचे केजन ते हेच. १७८८ आणि १७९४ अशा दोन आगींत शहर जळालं आणि स्पॅनिश अमदानीत पुन्हा बांधलं गेलं. पर्यटक आज ज्याला फ्रेंच क्वार्टर म्हणतात तिथल्या विटांच्या घरांची आणि आतल्या चौकांची धाटणी त्या काळची आहे.

२० डिसेंबर १८०३. तुम्ही चौकातल्या गर्दीत उभे आहात. फ्रेंच झेंडा खाली येतो आहे, अमेरिकन वर जातो आहे. दीड कोटी डॉलरला सुमारे सव्वाआठ लाख चौरस मैल मुलूख. नेपोलियनने तो विकला कारण हैतीतल्या गुलामांनी त्याच्या फौजेचा पराभव केला. साखरेचं ते बेट हातातून गेल्यावर त्याला या मुलखाचा उपयोग उरला नव्हता. अमेरिकेचा आकार दुप्पट झाला तो हैतीच्या बंडखोरांमुळे, हे शाळेच्या पुस्तकात ठळक अक्षरांत असायला हवं.

हैतीची साखर थांबली आणि लुइझियानाची सुरू झाली. १७९५मध्ये एत्येन द बोरे या मळेवाल्याने शहराजवळच्या आपल्या मळ्यात दाणेदार साखर पाडून दाखवली होती. ती पाडणारे कसबी लोक कॅरिबियनमधून आलेले होते. तेव्हापासून नदीकाठचा प्रत्येक पट्टा उसाखाली जाऊ लागला, आणि प्रत्येक पट्ट्यावर माणसं विकत आणली जाऊ लागली.

८ जानेवारी १८११ची रात्र. शहराच्या वरच्या अंगाला, नदीकाठच्या रस्त्यावर ढोल वाजतोय. चार्ल्स देलोंद या गुलामाच्या पाठीमागे माणसं जमताहेत. ऊस तोडायचे कोयते, कुऱ्हाडी, थोड्या बंदुका. प्रत्येक मळ्यावरून आणखी माणसं येऊन मिळतात. दोनशे असतील, पाचशे असतील. न्यू ऑर्लिन्स गाठायचं आणि मोकळं व्हायचं. अमेरिकेच्या इतिहासातला हा गुलामांचा सर्वांत मोठा उठाव. दोन दिवसांनी मळेवाल्यांच्या सशस्त्र टोळीने आणि फौजेने त्यांना गाठलं. मारलेल्यांची डोकी कापून नदीच्या बांधावर खांबांवर लावली, मैलोन् मैल, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक होडीला दिसावीत म्हणून. आणि मग विधिमंडळाने भरपाई मंजूर केली: मेलेल्या दर गुलामामागे तीनशे डॉलर, मालकाला. पुढच्याच वर्षी, ३० एप्रिल १८१२ला, लुइझियाना अमेरिकेचं अठरावं राज्य झालं.

आता जरा थांबू या. १८४०चं दशक, नोव्हेंबर महिना, गळीत हंगाम भरात. ऊस इथं कडाक्याच्या थंडीत मरतो, त्यामुळे महाराष्ट्रातल्या आडसाली उसासारखी दीड वर्षाची मुभा याला नाही. नऊ महिन्यांत वाढवायचा आणि हिमाच्या आधी तोडून, गाळून मोकळं व्हायचं. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबर रात्रंदिवस काम. तुम्ही साखरघरात शिरता तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली असते. आत गुऱ्हाळाचाच वास आहे, पण इथं कुणाच्या हातावर गरम गूळ ठेवला जात नाही. विटांच्या लांबलचक चुलाणावर ओळीने काहिली बसवलेल्या आहेत, पहिली सर्वांत मोठी, शेवटची सर्वांत लहान. फ्रेंचमध्ये त्यांना नावंही आहेत: ग्रांद, फ्लाम्बो, सिरो, बात्री. आग शेवटच्या लहान काहिलीखाली, आणि तिची धग भुयारातून मागच्या काहिलींखाली जाते.

रस उकळतो, घट्ट होतो आणि लांब दांड्याच्या पळ्याने एका काहिलीतून पुढच्या काहिलीत ओतला जातो. पळी तुमच्या शेजारच्या माणसाच्या हातात आहे. त्याचे हात कोपरापर्यंत भाजल्याच्या डागांनी भरलेत. पाक चिकट असतो. पाण्याचा चटका लागला तर ते ओघळून जातं, पाक कातडीला धरून बसतो. तो अठरा तास उभा आहे आणि आपल्या झोपेशी भांडतो आहे, कारण डुलकी लागली तर समोर उकळती काहील आहे. बाहेर चरकापाशी एकीने मोळी सारताना हात मागे घ्यायला उशीर केला तर काय होतं, ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे; म्हणून काही ठिकाणी चरकाजवळ कुऱ्हाड तयार ठेवतात. साखरेच्या मळ्यांत मृत्यूचं प्रमाण इतकं होतं की उत्तरेकडच्या गुलामांना ‘नदीच्या खालच्या अंगाला विकीन’ एवढी धमकी पुरायची. विक्रीचा बाजार न्यू ऑर्लिन्समध्ये, देशातला सर्वांत मोठा. १८४०मध्ये हे अमेरिकेतलं तिसऱ्या क्रमांकाचं शहर होतं, आणि ती श्रीमंती कशावर उभी होती ते तुम्ही आत्ता या चुलाणाशी पाहता आहात.

याच सुमारास त्या चुलाणावर उपाय शोधणारा माणूस न्यू ऑर्लिन्समध्येच होता. नोर्बेर रिल्यू. जन्म १८०६चा, वडील गोरे मळेवाले आणि अभियंते, आई मिश्रवंशीय. पॅरिसमध्ये शिकला, तिथंच वाफेच्या यंत्रांवर शिकवलं, आणि परत येऊन एक साधा पण विलक्षण विचार प्रत्यक्षात आणला. उघड्या काहिलीतून वाफ वाया जाते, ती वाया का घालवायची? रस बंद भांड्यांत घ्या. पहिल्या भांड्यातून निघालेल्या वाफेनेच दुसरं भांडं तापवा, दुसऱ्याच्या वाफेने तिसरं. प्रत्येक पुढच्या भांड्यात हवेचा दाब कमी ठेवा, म्हणजे रस कमी उष्णतेत उकळेल. लाकूड वाचतं, साखर करपत नाही, आणि पळीने रस ओतणारा माणूस त्या धगीतून बाहेर येतो. १८४३मध्ये त्याला या यंत्राचं पेटंट मिळालं. मळेवाल्यांनी यंत्र विकत घेतलं, नफा केला. पण हा माणूस त्यांच्या मळ्यावर यंत्र बसवायला आला की त्याला आपल्या पंगतीत बसवणं त्यांना जड जायचं. काळ्या वंशाच्या मोकळ्या माणसांवर निर्बंध वाढत गेले तसा तो अखेर फ्रान्सला निघून गेला आणि १८९४मध्ये पॅरिसमध्ये वारला.

प्रवरानगरच्या पहिल्या सहकारी कारखान्यापासून आजपर्यंत महाराष्ट्रात जेवढे साखर कारखाने उभे राहिले, त्या प्रत्येकाच्या बॉयलिंग हाउसमध्ये रस आटवणाऱ्या बंद भांड्यांची जी रांग दिसते, ती रिल्यूच्या तत्त्वावर चालते. आपल्याकडे साखरेवर इतकं राजकारण होतं, इतकी पुस्तकं निघतात. हे नाव मात्र मी कारखान्याच्या परिसरात कुठं ऐकलेलं नाही. ते माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

१८६०ची शिरगणती सांगते: लोकसंख्या ७,०८,००२, त्यांतले गुलाम ३,३१,७२६. जवळजवळ निम्मं राज्य. दोन वर्षांनी, एप्रिल १८६२मध्ये, गुलामगिरीवरून पेटलेल्या यादवी युद्धात उत्तरेचं आरमार नदीतून वर आलं आणि न्यू ऑर्लिन्स पडलं. बांधावर उभे राहा: शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून कापसाच्या गाठी पेटवून दिल्यात आणि धूर नदीभर पसरलाय. इथला कापूस थांबला तसा लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांनी मुंबईकडे तोंड वळवलं. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत समुद्र हटवण्याच्या कंपन्यांचे शेअर आकाशाला भिडले, आणि १८६५मध्ये लढाई संपताच सगळं कोसळलं. दख्खनमधल्या शेतकऱ्याच्या डोक्यावर कर्ज राहिलं. १८७५च्या सावकारविरोधी दंग्यांची मुळं काही अंशी या बांधावरच्या धुरात आहेत.

गुलामगिरी गेली. ऊस राहिला, मळे राहिले, मालकही बहुतेक तेच. १८८७च्या नोव्हेंबरात टिबोडो गावाभोवतालच्या दहा हजारांच्या आसपास ऊसतोड मजुरांनी ऐन हंगामात संप केला. मागणी काय होती? दिवसाला सव्वा डॉलर, दर पंधरवड्याला पगार, आणि तोही रोख. मळ्याच्याच दुकानात चालणारी पुठ्ठ्याची चिठ्ठी नको. २३ नोव्हेंबरला गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने टिबोडोतल्या काळ्या वस्तीत शिरून गोळ्या घातल्या. किमान तीसेक माणसं मेली, बहुधा जास्तच. नेमका आकडा नाही, कारण मोजायची इच्छाच नव्हती. संप मोडला.

पाच वर्षांनी, ७ जून १८९२ला, न्यू ऑर्लिन्सच्या स्टेशनात तुमच्यासमोर होमर प्लेसी हा तरुण चांभार गोऱ्यांच्या डब्यात जाऊन बसतो. दिसायला तो गोराच आहे, पण कायद्याने काळा; गोऱ्या-काळ्यांचे डबे वेगळे करणारा कायदा मोडायचा म्हणून ठरवून बसलाय, एका नागरिक समितीच्या वतीने. सर्वोच्च न्यायालयाने १८९६मध्ये त्याच्या विरुद्ध निकाल दिला, आणि ‘वेगळे पण समान’ या नावाखाली पुढची सुमारे साठ वर्षं दक्षिणेतल्या राज्यांत वेगळे नळ, वेगळे बाक, वेगळ्या शाळा चालल्या. लुइझियानाच्या राज्यपालांनी प्लेसीला माफी दिली ती २०२२मध्ये.

आणि याच शहरात, याच माणसांत, याच वर्षांत एक नवं संगीत, जॅझ, जन्माला आलं. गुलामगिरीच्या काळात काँगो स्क्वेअर या चौकात रविवारी गुलामांना जमायची मुभा असे. तिथला ताल, चर्चमधली गाणी, लष्करी बँडची कर्णेतुतारी, हे सगळं एकत्र आलं. १९०१मध्ये जन्मलेला तुतारीवादक लुई आर्मस्ट्राँग इथल्याच गल्लीत वाढला आणि १९२२मध्ये गाडीत बसून शिकागोला गेला. या राज्याचे लाखो काळे लोक तसेच निघून गेले.

आता २९ एप्रिल १९२७. शहराच्या खाली तेरा मैलांवर कारनार्व्हन नावाच्या जागी बांधावर या. मिसिसिपीला कधी नव्हता एवढा पूर आलाय. वरच्या राज्यांत बांध फुटून लाखो लोक बेघर झालेत. न्यू ऑर्लिन्सचे सावकार आणि बँकवाले घाबरलेत. त्यांनी राज्यपालांना गळ घातली की शहराच्या खालचा बांध आपणच उडवू, म्हणजे शहरासमोरचं पाणी उतरेल. तिकडच्या दोन परगण्यांत राहतात कोण? उंदरासारख्या मस्करॅट प्राण्याची कातडी विकून जगणारे, मासे धरणारे, स्पॅनिश राजवटीत कॅनरी बेटांवरून आलेल्यांचे वंशज. दहा हजारांच्या आसपास माणसं. त्यांना घरं सोडायला सांगितलंय, भरपाई देऊ असं लेखी कबूल केलंय. गाई, बिऱ्हाड, म्हाताऱ्या ट्रकमधून शहरात नेऊन गोदामात ठेवल्यात.

इकडे बांधावर परवाने घेऊन आलेले निमंत्रित जमलेत. सुरुंग उडतो. माती हवेत जाते, खाली येते, आणि बांध तसाच. पाणीसुद्धा घाईने वाहत नाही. पुन्हा भोकं पाडतात, पुन्हा दारू भरतात. सगळे मिळून एकोणचाळीस टन डायनामाइट लागलं, दिवसामागून दिवस. शेवटी बांध गेला आणि दोन परगणे पाण्याखाली गेले. आणि उडवायची गरजच नव्हती: वरच्या अंगाला आपोआप फुटलेल्या बांधांनी नदीचं पाणी आधीच दुसरीकडे वळवलं होतं. भरपाईच्या दाव्यांतून, निर्वासितांना घातलेल्या जेवणाचा खर्चसुद्धा कापून घेतला गेला. मस्करॅट धरणाऱ्या बहुतेकांच्या हाती जवळजवळ काहीच पडलं नाही. या राज्याचा स्वभाव एका ठिकाणी पाहायचा असेल तर मी कारनार्व्हनला जा म्हणेन.

दुसऱ्याच वर्षी ह्युई लाँग राज्यपाल झाला तो याच रागाच्या लाटेवर. त्याने शाळेतली पुस्तकं फुकट केली, रस्ते आणि पूल बांधले, बॅटन रूजमध्ये चौतीस मजली विधानभवन उभारलं. आणि सगळी सत्ता मुठीत घेतली. १९३५च्या सप्टेंबरात त्याच विधानभवनात त्याला गोळी लागली. १९२७च्या पुरानंतर केंद्र सरकारने नदीच हातात घेतली. बांध उंच झाले, सलग झाले, आणि १९६३पासून तर नदीचं किती पाणी अॅचफलाया या पश्चिमेकडच्या फाट्याकडे जाऊ द्यायचं हेही दारं लावून ठरवलं जातं: तीस टक्के, जास्त नाही. नाहीतर नदी कधीच तिकडे वळली असती आणि न्यू ऑर्लिन्स एका खाडीवर उरलं असतं.

तेल १९०१मध्ये जेनिंग्जजवळ लागलं. १९४७मध्ये किनाऱ्यावरून दिसणार नाही इतक्या लांब, मेक्सिकोच्या आखातात पहिली विहीर खोदली गेली ती इथंच. विहिरींपर्यंत होड्या आणि नळ न्यायला दलदलीतून हजारो मैलांचे कालवे कापले. कालव्यातून खारं पाणी आत शिरलं, गवत मेलं, गवताच्या मुळांनी धरलेली माती सुटली. वर नदी बांधांत बंद, तिच्या उपनद्यांवर धरणं, म्हणजे नवा गाळही नाही. १९३२पासून लुइझियानाची सुमारे ५,००० चौरस किलोमीटर जमीन समुद्रात गेली आहे. अख्ख्या गोवा राज्यापेक्षा जास्त.

बॅटन रूजपासून न्यू ऑर्लिन्सपर्यंत बांधावरून गाडी हाका. एका हाताला नदी, जहाजं. अमेरिकेचा निर्यातीचा अर्ध्याहून जास्त मका आणि सोयाबीन याच वाटेने बाहेर जातो. दुसऱ्या हाताला रासायनिक कारखाने, दीडशेच्या आसपास. कारखान्याला हवी होती नदीला लागून सलग मोठी जागा, आणि ती उसाच्या मळ्यांच्या रूपाने आयती होती. मळ्यांच्या मधल्या पट्टीत मुक्त झालेल्या गुलामांनी वसवलेल्या वाड्या होत्या. त्या आज कारखान्यांच्या कुंपणाला खेटून आहेत, आणि तिथल्या लोकांनीच या पट्ट्याला ‘कॅन्सर गल्ली’ म्हणायला सुरुवात केली. यंत्रं बदलली, मालक बदलले. राहणाऱ्यांची आडनावं बदललेली नाहीत.

२९ ऑगस्ट २००५ला कॅटरिना वादळात शहराच्या कालव्यांच्या भिंती कोसळल्या, काही तर पाणी माथ्यापर्यंत पोचायच्या आधीच, कारण पायाच कच्चा होता. ऐंशी टक्के शहर बुडालं. १७१८मध्ये तुम्ही उतार चालून गेला होतात ना, तिथं छपरावर माणसं अडकली होती. बिएनव्हीलने निवडलेला काठ कोरडा राहिला.

आणि तरी या राज्यातून ऊर्जा वाहतेच आहे. २०१६मध्ये सबाइन पास बंदरातून द्रवरूप नैसर्गिक वायूची निर्यात सुरू झाली. २०१८च्या मार्चमध्ये तिथून निघालेलं एक जहाज आपल्या दाभोळला लागलं. गुहागरजवळच्या त्या टाक्यांत उतरलेला वायू अशा किनाऱ्यावरून आला होता, जिथली गावं एकेक करून मागे सरकताहेत. आयल द ज्याँ चार्ल्स हे चोक्टॉ लोकांचं बेट त्यांतलंच. १९५५पासून त्याची अठ्ठ्याण्णव टक्के जमीन गेली. २०२२मध्ये तिथली कुटुंबं सरकारी पैशाने चाळीस मैल उत्तरेला नव्या वसाहतीत राहायला गेली.

उपाय माहीत नाही असं नाही. बांधात ठरवून दार करायचं आणि नदीला तिचा गाळ पुन्हा दलदलीत टाकू द्यायचा. मिड-बरटारिया नावाच्या सुमारे तीनशे कोटी डॉलरच्या अशा प्रकल्पाचं काम २०२३मध्ये सुरू झालं होतं. कालवं आणि कोळंबीवर जगणाऱ्या मच्छीमारांचा त्याला विरोध होता, आणि गोड्या पाण्याने आपला धंदा बुडेल ही त्यांची भीती खोटी नव्हती. त्यांना आधी सांभाळून घ्यायला हवं होतं. खर्चही वाढला. २०२५च्या जुलैमध्ये राज्य सरकारने प्रकल्प रद्द केला. माझ्या मते ही या पिढीची सर्वांत मोठी चूक आहे.

लुइझियानात तुमची मुलं, नातेवाईक असतील, किंवा तुम्हीच कधी तिकडे गेलात, तर फ्रेंच क्वार्टर बघून परतू नका. नदीकाठच्या रस्त्याने तासभर वर व्हिटनी मळ्यावर जा. २०१४पासून तिथं गुलामांच्या बाजूने सांगणारं संग्रहालय आहे; १८११च्या उठावातल्या माणसांचं स्मारकही तिथं आहे. इतिहासकार ग्वेंडोलिन मिडलो हॉल यांनी जुन्या दप्तरांतून एकेक करून शोधलेल्या, लुइझियानात गुलाम म्हणून राबलेल्या एक लाखाहून जास्त माणसांची नोंद तिथल्या भिंतींवर आहे. जितकी नावं जमतील तितकी थांबून वाचा.